पोट भरतं, मग मन का भरत नाही?

तेलकट-तुपकट खाण्याने उष्मांक वाढतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण रोजच्या अशा खाण्याने ‘आता पुरे’ हा पोटाचा निरोपच मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं.

वरण-भात, भाजी-पोळी असं साधं जेवण झालं, की कोणी कितीही आग्रह केला तरी माणूस हात आडवा धरतो. मात्र तोच माणूस चिवड्याचा डबा समोर आला, की गप्पांच्या ओघात तो अर्धा फस्त करतो. घरातली मंडळी याला जिभेचे चोचले म्हणतात आणि वजन वाढलेली गृहिणी मनातल्या मनात स्वतःला दोष देत राहते. पण हा प्रश्न केवळ मनोनिग्रहाचा नाही.

पोटाचे निरोप्ये

भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, पण किती खायचं याचा निर्णय मेंदू घेतो. त्यासाठी त्याला पोटाकडून सतत निरोप येत असतात. जठर रिकामं असताना त्यातून घ्रेलिन हे संप्रेरक स्रवतं आणि भूक चाळवते. १९९९ साली जपानमधील मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी ते शोधून काढलं.

जेवण सुरू झाल्यावर उलट निरोप निघतात. अन्नातील स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं लहान आतड्यात पोहोचताच तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन, म्हणजेच सीसीके, हे संप्रेरक सोडतात. त्यामुळे जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो आणि व्हेगस नावाच्या लांबलचक नसेमार्फत मेंदूला ‘पुरे’ असा संदेश जातो. सीसीके दिल्यावर उंदीर कमी खातात, हे १९७३ सालीच दिसून आलं होतं. आतड्यातून येणारं जीएलपी-१ हेही असंच तृप्तीचं संप्रेरक असून वजन घटवणारी नवी इंजेक्शनं त्याचीच नक्कल करतात.

तिसरा निरोप खुद्द शरीरातील चरबी पाठवते. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या पथकाला लेप्टिन सापडलं. शरीरात साठा पुरेसा आहे, हे ते मेंदूला कळवतं.

निरोप अडतो कुठे?

खरं तर स्निग्ध पदार्थांनीच सीसीके स्रवतं. मग तेलकट खाणाऱ्याची भूक लवकर भागायला हवी! पण सतत स्निग्ध आहार दिलेल्या प्राण्यांमध्ये व्हेगस नस या संदेशाला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही, असं आढळलं आहे. दारावरची घंटा दिवसभर वाजत राहिली, तर घरातले तिकडे दुर्लक्षच करणार!

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला उंदरांवरील अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो. मेंदूतील अॅस्ट्रोसाइट या ताऱ्यासारख्या पेशी जठराकडे जाणाऱ्या संदेशांवर लक्ष ठेवतात. भरपूर चरबीचा आहार सुरू होताच पहिले काही दिवस त्या खाण्यावर ताबा ठेवायला मदत करत होत्या. परंतु दहा ते चौदा दिवसांत त्या थंडावल्या आणि उंदरांचा खाण्यावरचा ताबा सुटला. माणसाच्या बाबतीत हे जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. तरीही दिवाळीचा फराळ आणि त्यापाठोपाठ येणारी लग्नसराई आठवली, तर हा हिशेब विचार करायला लावतो.

लेप्टिनचंही तेच होतं. स्थूल व्यक्तीच्या रक्तात ते कमी नव्हे, उलट जास्तच असतं. पण मेंदू त्याला दाद देत नाही. त्यात स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममधून ९ उष्मांक मिळतात, तर कर्बोदकं आणि प्रथिनांतून केवळ ४. एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे सव्वाशे उष्मांक असतात. म्हणजे घास तेवढेच, पण वजन मात्र वाढतं.

घरात काय करता येईल?

तेल-तूप पूर्ण बंद करणं हा उपाय नव्हे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागण्यासाठी थोडी स्निग्धता हवीच. उपासमार केली, तर लेप्टिन झपाट्याने उतरतं, घ्रेलिन वाढतं आणि भूक दुप्पट जोराने परत येते.

त्यापेक्षा महिन्याचं तेल मोजून आणा आणि फोडणीला बाटलीऐवजी चमच्याने घाला. पानात उसळ, वरण, कोशिंबीर भरपूर वाढा. प्रथिनं आणि चोथा यांनी पोट अधिक काळ भरलेलं राहतं. जेवण सावकाश होऊ द्या, कारण पोटाचा निरोप मेंदूला पोहोचायला थोडा अवधी लागतो. फराळाचा डबा टीव्हीसमोर न नेता वाटीत काढून घ्या. सणासुदीला खुशाल गोडधोड खा, पण सण संपताच पुन्हा साध्या जेवणावर या.

वजन वाढलेल्या माणसाला टोमणे मारून काहीच साधत नाही. त्याच्या एकट्याच्या पानात उकडलेल्या भाज्या आणि इतरांच्या पानात भजी, असं करण्यापेक्षा साऱ्या घराचंच जेवण थोडं बदललं, तर त्याला खरा आधार मिळेल. शिवाय मुलांनाही लहानपणापासूनच आपल्या पोटाचं ऐकायची सवय लागेल.