सोळा पायऱ्या, एक नंबर आणि हरवलेलं आडनाव

सुताराचं गिरमिट लाकडाला भोक पाडतं. बेळगाव-हुबळीकडचं गिरमिट चुरमुऱ्यांचं, ते चहाबरोबर खातात. तिसरं गिरमिट कागदाचं! इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’ मजुरांच्या तोंडी झिजून झिजून ‘गिरमिट’ झालं. त्यावर अंगठा उठवून लाखो माणसं समुद्रापार उसाच्या मळ्यांत गेली. त्यांत आपल्या कोकणातलीही होती.

आज मॉरिशसमधल्या मराठी घरातली एखादी मुलगी विचारते, “आमचे खापरपणजोबा नेमके कुठल्या गावचे?” या प्रश्नाचं उत्तर शोधण्याइतका रंगतदार उद्योग दुसरा नाही.

आधी थोडा हिशेब. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुईला लागलं. त्यात ३६ मजूर होते, करार पाच वर्षांचा आणि पगार महिना पाच रुपये. पुढच्या काही दशकांत तिथे सुमारे साडेचार लाख भारतीय उतरले. मधे या वाहतुकीवर बंदी आली होती. १८४२च्या कायद्यानं ती उठली आणि कलकत्ता, मद्रासबरोबर मुंबई बंदरही खुलं झालं. म्हणून पूर्वजाचं जहाज मुंबईहून सुटलेलं निघालं, की शोध कोकणाकडे वळवायला हरकत नाही.

पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या सोळा दगडी पायऱ्या अजून शाबूत आहेत. मजूर त्या चढूनच डेपोत जात. पूर्वीचा ‘कुली घाट’ म्हणजे आजचा ‘आप्रवासी घाट’. २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे आणि २ नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते.

पायऱ्या चढल्या की नंबर मिळे. तो नंबर मजुराला जन्मभर चिकटे आणि आज शोधणाऱ्याची खरी किल्ली तोच. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या आप्रवाशांची जाडजूड रजिस्टरं जपलेली आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जहाज, कुठल्या मळ्यावर पाठवलं, असं बरंच काही त्यांत सापडतं. कपाळावरचा व्रणसुद्धा!

आणि फोटो! १८६७च्या कायद्यानं करार संपलेल्या मजुरांना फोटो लावलेला परवाना जवळ बाळगणं सक्तीचं केलं. हेतू होता पाळत ठेवण्याचा. त्या जाचक कायद्यामुळेच आज कुणाकुणाला आपल्या खापरपणजोबांचा चेहरा दिसतो. त्यांचा जो भाऊ गावीच राहिला, त्याचा चेहरा बहुधा कुणीच पाहिलेला नाही.

आता सगळ्यात मोठी गाठ. मराठी माणूस नाव, बापाचं नाव आणि आडनाव असं सांगतो. रजिस्टरात आडनावाला जागाच नव्हती. मग खापरपणजोबांचं पाळण्यातलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. सखारामचे सगळे वंशज ‘सखाराम’. त्यात परक्या कारकुनानं कानाला जसं लागलं तसं लिहिलेलं. त्यामुळे स्पेलिंग वाचण्यापेक्षा मोठ्यानं उच्चारून पाहावं. पुष्कळदा कागदावर अनोळखी वाटलेलं नाव उच्चारताच ओळखीचं होतं.

गाव सापडलं तरी एक फसगत होते. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ला. त्याआधी मालवण, वेंगुर्लं रत्नागिरीत होतं आणि सावंतवाडी तर मजूर गेले त्या काळी स्वतंत्र संस्थान होतं. म्हणजे रजिस्टरात ‘रत्नागिरी’ दिसलं म्हणून फक्त आजच्या रत्नागिरीत पायपीट केली, तर अर्धं कोकण निसटतं.

शोधाचा दुसरा अर्धा भाग इकडे आहे, आणि माझ्या मते तोच कठीण. तलाठ्याकडची जुनी दप्तरं, कोतवाल बुक म्हणून ओळखला जाणारा जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यातलं बरंच मोडीत आहे. शिवाय कुलदैवत कोणतं, देवक कोणतं, हे परदेशातल्या घरानं तोंडी जपलेलं असेल, तर त्याचं मोल कागदाइतकंच. खेड्याचं नाव विसरलेल्या घराला ग्रामदेवतेचं नाव आठवत असेल, तर तिथूनही वाट फुटते.

तिकडे बाकी खुणा ठसठशीत आहेत. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून आजही नाचली जाते. गावाचं नाव हरवलं, पण पायांनी ठेका लक्षात ठेवला. मला तर हा पुरावा कुठल्याही रजिस्टराइतकाच पक्का वाटतो.

हे सगळं नुसत्या हौसेपुरतं राहिलेलं नाही. मार्च २०२४मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या असताना तिथल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशीयांना ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड देण्याची विशेष तरतूद जाहीर झाली. खापरपणजोबांचा नंबर आता अर्जाला जोडायच्या कामाचा आहे.

तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाचकांनो, एक कराच. माळ्यावरच्या मोडीतल्या वह्या रद्दीत घालू नका, आधी कुणा जाणकाराला दाखवा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ‘बोटीनं गेला तो परतला नाही’ असा कुणी आपल्यात होता का? नाव कळलं, तर तारखेसकट लिहून ठेवा. तिकडचं कुणी उद्या वाडीत विचारत आलं, तर त्याला तेवढंच हवं असेल.