गुळवेल औषध आहे, म्हणूनच ती मोजून घ्यावी

गुळवेल गुणकारी आहे यावर आपल्याकडे फारसे दुमत नाही. वाद व्हायला हवा तो पुढच्या प्रश्नांवर: कुणी घ्यावी, किती घ्यावी, किती दिवस घ्यावी? लोणारच्या विवराभोवतीच्या पानझडी रानात, बांधावरच्या कडुनिंबावर आणि गावच्या कुंपणावर ही वेल सहज वाढते. पान हृदयाच्या आकाराचे, खोडावर कागदासारखी सुटणारी साल, मादी वेलीला लालचुटूक फळांचे घोस. वेल मुळापासून तोडली तरी फांदीवर अडकलेला तुकडा दोऱ्यासारखी मुळे खाली सोडतो आणि जमीन गाठून पुन्हा जगतो. तिला अमृता म्हणतात ते उगीच नाही. चरकसंहितेने तिच्या रसाची गणना मेध्य, म्हणजे बुद्धिवर्धक, रसायनांत केली. ताप आणि वातरक्तात वैद्य ती पूर्वापार देत आले. खोड कुटून पाण्यात कोळले की तळाशी बसतो तो पांढरा साका म्हणजे गुळवेल सत्त्व.

लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले त्या २०२० सालीच करोनाच्या साथीत घरोघर काढ्याची पातेली चढली. गुळवेल तापाचे औषध न राहता प्रतिकारशक्तीचे रोजचे पेय झाली. पुढच्या वर्षी मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर कावीळ झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून असे ४३ रुग्ण नोंदवले गेले. वेल घ्यायला लागल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. अनेकांत शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे दिसली. जी वेल प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून घेतली जाते, तिच्याबाबत ही शंका यावी, हे खरे तर तिच्या गुणाशी सुसंगतच आहे.

आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती कशावरून? तिच्याच कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल दिसायला जवळची आहे. तिच्या करड्या खोडावर बारीक गाठी असतात आणि ती यकृताला अपायकारक ठरू शकते. आक्षेप वजनदार आहे. पण तो मान्य केला तरी निष्कर्ष उलट माझ्याच बाजूला येतो: ओळख पटवल्याशिवाय रानातली वेल ओरबाडून उकळू नये. दुसरे म्हणणे असे की लाखो लोकांनी काढा घेतला, त्यात ४३ म्हणजे किती? थोडेच, आणि म्हणून गुळवेलीला विष म्हणणे चूकच. मात्र थायरॉइडचा किंवा सांध्यांचा स्वप्रतिकारक आजार असलेल्या माणसाला यकृत बिघडण्याची ही शक्यता आधी कळायला हवी. रसायन तर दीर्घकाळच घ्यायचे असते, असेही सांगितले जाते. पण वैद्य ते रोग्याचे वय, बल आणि पचनशक्ती पाहून देत, घरातल्या सगळ्यांना एकाच पेल्याने नव्हे. पॅरासिटामॉलही यकृत बिघडवते हे खरेच, पण त्याच्या गोळीवर मात्रा छापलेली असते. गुळवेलीकडून एवढी अपेक्षा ठेवणे म्हणजे तिचा अपमान नव्हे, तिला औषधाचा मान देणे आहे.

आता लोणारपुरते. विवराचा परिसर २००० सालापासून अभयारण्य आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून परवानगीविना वेल तोडून नेता येत नाही. ज्याला वैद्याने गुळवेल सांगितली आहे, त्याचे यात काही अडत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर अंगठ्याएवढ्या जाडीचा वीतभर तुकडा परसातल्या कडुनिंबाच्या बुंध्याशी खोचला की वेल लागते, आणि आपण लावलेल्या वेलीची ओळख एकदा जाणत्याकडून पटवून घेतली की पुढे दरवेळी विचारावे लागत नाही.