'विंडोज १०'ची मुदत संपली. घरच्या संगणकाचे काय?

परभणी - संगणक सुरू केला, की पडद्याच्या कोपऱ्यात अद्ययावतीकरणाची सूचना झळकते. 'नंतर आठवण करा' या बटणावर टिचकी मारली जाते आणि काम पुढे सुरू राहते. परभणी शहरात काय किंवा सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील घरांत काय, हा अनुभव सारखाच आहे. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ या दिवसापासून ही टाळाटाळ पूर्वीइतकी निरुपद्रवी राहिलेली नाही. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या 'विंडोज १०' या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्टने दिलेली मुदत त्या दिवशी संपली.

मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, मुलांचे परीक्षेचे अर्ज भरतो, विजेचे बिल भरतो, छायाचित्रे दाखवितो. थांबतात ती केवळ दर महिन्याला मिळणारी सुरक्षेची ठिगळे. घराच्या भिंतीला रोज नवी फट पडावी आणि ती बुजविणारा गवंडी येणेच बंद व्हावे, तसा हा प्रकार आहे. विषाणूरोधक सॉफ्टवेअर घरात शिरलेला चोर ओळखू शकते. फट बुजविण्याचे काम त्याचे नव्हे.

ठिगळाचे मोल

या ठिगळांचे मोल मे २०१७ मध्ये जगाला कळले. 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या. आंध्र प्रदेशातील पोलिसांचे काही संगणकही त्यातून सुटले नाहीत. विशेष म्हणजे ज्या फटीतून हा विषाणू शिरला, ती बुजविणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, १४ मार्च २०१७ रोजीच दिले होते. ज्यांनी ते बसवून घेतले होते, ते बचावले.

अर्थात, अद्ययावतीकरण नेहमीच निर्धोक असते असेही नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या 'विंडोज १०'च्या एका आवृत्तीने काही वापरकर्त्यांच्या फायलीच पुसून टाकल्या आणि काही दिवसांतच कंपनीला तिचे वितरण थांबवावे लागले. म्हणूनच 'आधी प्रत, मग बदल' हा नियम पाळणे आवश्यक ठरते.

संगणक पात्र आहे काय?

दर महिन्याचे ठिगळ आणि संपूर्ण नवी कार्यप्रणाली यांत फरक आहे. ठिगळ काही मिनिटांत बसते. 'विंडोज ११' बसविणे म्हणजे घराचा पायाच बदलणे होय. त्यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, 'सिक्युअर बूट'ची सोय आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षा चीप लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, म्हणजे २०१७ नंतरचा असावा लागतो. त्यामुळे २०१४-१५ च्या सुमारास मुलांच्या एमएस-सीआयटीसाठी घेतलेले बहुतेक संगणक या कसोटीवर उतरत नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील 'पीसी हेल्थ चेक' हे छोटे विनामूल्य सॉफ्टवेअर ही तपासणी करून देते. त्यात 'टीपीएम आढळले नाही' असे उत्तर आले, तरी लगेच निराश होण्याचे कारण नाही. अनेक संगणकांत ही सोय असते. पण बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असते. माहीतगाराकडून ती सुरू करून घेता येते.

वीज आणि इंटरनेट

पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहसा न भेडसावणारा प्रश्न येथे उभा राहतो, तो विजेचा. नवी प्रणाली उतरवून घेताना वीज गेली तर फारसे बिघडत नाही. उतरविण्याचे काम पुन्हा सुरू होते. पण संगणक पुन्हा सुरू होऊन पडद्यावर टक्केवारी दिसू लागली, की मूळ फायली बदलल्या जात असतात. या टप्प्यात वीज गेल्यास विंडोज स्वतःहून जुन्या स्थितीत परतण्याचा प्रयत्न करते. तो दर वेळी यशस्वी होईलच याची शाश्वती नसते. बायोस अद्ययावत करताना वीज गेली, तर मदरबोर्डच निकामी होण्याचा धोका असतो.

घरगुती यूपीएस बहुधा दहा-वीस मिनिटेच साथ देतो. हा टप्पा तासाभराचाही असू शकतो. तेव्हा महावितरणने दुरुस्तीसाठी जाहीर केलेला दिवस आणि वादळी पावसाची संध्याकाळ टाळावी. इन्व्हर्टरवर भिस्त असल्यास वीज जाताच संगणक क्षणभरही बंद होत नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून, चार्जर जोडूनच काम सुरू करावे. मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा धुळीने भरलेला पंखा साफ केल्यावाचून संगणकाला तासभर राबवू नये.

नव्या प्रणालीसाठी पाच-सहा जीबी डेटा लागतो. मोबाइलवर रोज मिळणाऱ्या दीड-दोन जीबीमध्ये हे काम होत नाही. ब्रॉडबँड असलेल्या नातेवाइकाकडून पेनड्राइव्हवर प्रत करून आणणे सोयीचे ठरते.

आधी प्रत, मग बदल

छायाचित्रे, सात-बाराच्या प्रती, गुणपत्रिका, दुकानाचा हिशेब अशा सर्व फायलींची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. डिस्क जोडूनच ठेवली, तर विषाणू तिच्यातही शिरतो. बिटलॉकर सुरू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी. बायोसमध्ये बदल केल्यावर संगणक हीच किल्ली मागतो आणि ती नसेल तर फायली कायमच्या हातच्या जातात.

मराठी वापरकर्त्याने आणखी एक काळजी घ्यावयास हवी. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मजकूर त्या फॉन्टवाचून निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. जुन्यावरच नवी प्रणाली चढविली तर फॉन्ट सहसा टिकतात. डिस्क कोरी करून नव्याने बसविली तर ते पुसले जातात. तेव्हा फॉन्टच्या फायली आधीच प्रत करून ठेवाव्यात. नव्या प्रणालीत 'मंगल' दिसेनासा झाला, तर घाबरू नये. 'पर्यायी सुविधा' या भागातून देवनागरीचे पूरक फॉन्ट घेतले की तो परत येतो. प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी किल्ली वापरणाऱ्यांनी त्यांचे ड्रायव्हर नव्या प्रणालीसाठी उपलब्ध आहेत काय, हे आधीच पाहावे.

प्रणाली बसविल्यानंतर काही अडचण जाणवली, तर दहा दिवसांच्या आत 'मागे जा' हा पर्याय वापरून जुन्या विंडोजवर परतता येते. म्हणून या दहा दिवसांत छपाई, टंकलेखन, ध्वनी, इंटरनेट हे सारे तपासून घ्यावे.

जुना संगणक टाकून द्यावा काय?

संगणक अपात्र ठरला म्हणजे तो भंगारात गेला, असे समजण्याचे कारण नाही. 'विंडोज १०'च्या घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा योजना देऊ केली. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर संगणकाच्या जुळवण्यांची प्रत ठेवणाऱ्यांना ती विनामूल्य, तर इतरांना ३० डॉलरला होती. ही मुदत म्हणजे विचार करण्यासाठी मिळालेली सवड होय, कायमचा उपाय नव्हे.

दुसरा मार्ग लिनक्सचा. उबुंटू, लिनक्स मिंट किंवा सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही प्रणाली विनामूल्य मिळते. इंटरनेट, पत्रलेखन आणि युनिकोड मराठी यांसाठी ती पुरेशी आहे. विंडोजसाठीच बनविलेली हिशेबाची सॉफ्टवेअर मात्र तिच्यावर थेट चालत नाहीत. पेनड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येते, त्यामुळे जुन्या प्रणालीला हात न लावता अंदाज घेता येतो.

दुकानातून विनापरवाना प्रत 'स्वस्तात' टाकून घेणे हा मात्र मार्ग नव्हे. अशा प्रतींमध्ये अद्ययावतीकरण बहुधा बंदच केलेले असते. तसेच 'तुमचे विंडोज कालबाह्य झाले, या क्रमांकावर फोन करा' अशी पाटी ब्राउझरमध्ये दिसली, तर ती खोटी समजावी. खरी सूचना विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्येच येते आणि मायक्रोसॉफ्ट कोणालाही स्वतःहून फोन करीत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

संगणक नवा घेता येतो, प्रणाली पुन्हा बसविता येते. आजी-आजोबांचे एकमेव छायाचित्र किंवा दहा वर्षांचा शेतीचा हिशेब मात्र पुन्हा मिळत नाही. म्हणून 'नंतर आठवण करा' या बटणाकडे हात जाण्यापूर्वी आपल्या फायलींची दुसरी प्रत कोठे आहे, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.