मुक्या जीवांचें दत्तकविधान

मराठी भाषेंतील 'दत्तक' हा शब्द मोठा वजनदार आहे. आपल्या समाजांत एकदां दत्तकविधान झालें, कीं तो मुलगा त्या घरचा झाला. त्याचें कुळ बदललें, नांव बदललें, हक्क व कर्तव्यें बदललीं. सन १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानेंही हेंच तत्त्व मान्य केलें असून, विधिपूर्वक घेतलेलें दत्तक पुढें रद्द करतां येत नाहीं असें त्यांत सांगितलें आहे. सन १८४८ मध्यें इंग्रजांनीं साताऱ्याच्या छत्रपतींचें दत्तक नामंजूर करून तें राज्य खालसा केलें, तेव्हां महाराष्ट्रास किती दुःख झालें हें आपण इतिहासांत वाचतोंच.

अलीकडे हाच शब्द रस्त्यावरील निराश्रित कुत्र्यामांजरांस लावला जातो. 'पिलूं दत्तक देणें आहे' अशी सूचना आपण ऐकतों, व प्राणिमित्रांच्या निवाऱ्यांतून अशीं पिलें घरोघर नेलींही जातात. हा प्रघात स्तुत्य आहे. परंतु ज्यानें हा शब्द उच्चारला त्यानें त्याचें वजनही उचललें पाहिजे. तें वजन किती व तें कसें उचलावें, याचाच विचार या लेखांत करावयाचा आहे.

कुत्रें व मांजर हीं आपल्या संस्कृतीस परकीं नाहींत. गोग्रासाबरोबर काकबळी व श्वानबळी काढून ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. श्रीदत्तात्रेयांच्या चरणांजवळ चार कुत्रे असतात. आपल्या सोलापुराजवळील बाळें येथील खंडोबाच्या यात्रेस आपल्यापैकीं पुष्कळजण गेले असतील; त्या खंडोबाचा सोबतीही कुत्राच होय. बरोबर आलेल्या कुत्र्याचा त्याग करून स्वर्गांत जाण्याचें धर्मराजानें नाकारलें, आणि भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, या कथा तर लहान मुलांनाही ठाऊक आहेत.

असें असूनही एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आपली ही दया बहुधा उंबरठ्यापाशीं थांबत आली. कुत्रें एका घराचें नसे, तें गल्लीचें असे. दहा घरच्या दहा शिळ्या तुकड्यांवर तें जगे व रात्रीं सर्वांची राखण करी. खेड्यांत ही व्यवस्था बरी चाले. शहर वाढलें, वाहनें वाढलीं, वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या, आणि ती व्यवस्था मोडली. आतां गल्लीचें कुत्रें कोणाचेंच राहिलें नाहीं. तें उकिरड्यावर पोट भरतें, वाहनाखालीं सांपडतें, आणि कधीं भयानें, कधीं पिलांच्या रक्षणासाठीं, तर कधीं रोगानें माणसास चावतें.

निराश्रित प्राण्यांसाठीं निवारा बांधावा ही कल्पना केवळ पाश्चात्त्यांकडून आलेली नाहीं. मुंबईंत पूर्वीं उन्हाळ्यांत मोकाट कुत्रीं मारण्याचा सरकारी हुकूम असे, व मारलेल्या कुत्र्यामागें बक्षीस मिळे. सन १८३२ च्या जून महिन्यांत या प्रकारामुळें लोक इतके क्षुब्ध झाले, कीं पारशी समाज पुढें आला, हिंदु व जैन व्यापारी त्यास मिळाले, बाजार बंद पडले व दंगा झाला. पुढें सन १८३४ मध्यें सर जमशेटजी जिजीभाई व शेठ अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. पांजरापोळ म्हटलें कीं आज आपल्या डोळ्यांपुढें थकलेलीं गुरें येतात. पण मुंबईच्या त्या संस्थेच्या जन्मास कुत्रीं कारण झालीं होतीं. आपल्या शहरांतील पांजरापोळ चौकांतून जातांना विद्यार्थ्यांनीं हा इतिहास आठवावा. लंडन शहरांत मेरी टील्बी नांवाच्या बाईंनीं हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं आश्रयगृह काढलें तें सन १८६० मध्यें, म्हणजे मुंबईनंतर सव्वीस वर्षांनीं. तेंच आश्रयगृह सन १८७१ मध्यें बॅटरसी येथें गेलें व त्या नांवानें जगप्रसिद्ध झालें.

येथें कोणी विचारील, 'एवढा खटाटोप कशास? मोकाट कुत्रीं पकडून नाहींशीं केलीं म्हणजे झालें!' हा उपाय अनेक शहरांनीं अनेक दशकें करून पाहिला, पण कुत्र्यांची संख्या कांहीं हटली नाहीं. याचें कारण सोपें आहे. एखाद्या वस्तींत किती कुत्रीं राहतील हें तेथील उकिरड्यावरून ठरतें. कांहीं कुत्रीं नाहींशीं झालीं, तर उरलेल्यांस अन्न अधिक मिळतें, त्यांचीं पिलें अधिक जगतात, आणि शेजारच्या वस्तींतील कुत्रींही मोकळ्या जागेंत शिरतात. कुत्रीचा गर्भकाळ सुमारें त्रेसष्ट दिवसांचा असतो व एका वेतास चार-सहा पिलें सहज होतात. मांजराचेंही मान जवळजवळ असेंच आहे. म्हणून कुत्रीं पकडून त्यांचें निर्बीजीकरण करावें, त्यांस पिसाळ रोगाची, म्हणजे रेबीजची, लस टोंचावी, आणि पुन्हां त्यांच्याच जागीं सोडावें, असें धोरण भारत सरकारनें सन २००१ च्या नियमांनीं स्वीकारलें व सन २०२३ च्या नव्या नियमांत तें कायम ठेवलें. रस्त्यावरील एखाद्या कुत्र्याच्या कानाचें टोंक कापलेलें दिसतें, तें शस्त्रक्रिया व लस झाल्याचें चिन्ह होय.

मग दत्तक घेण्याचें प्रयोजन काय? आई मेलेलीं पिलें, अपघातांत पंगु झालेलीं जनावरें, आणि घरांत वाढवून नंतर टाकून दिलेले प्राणी यांस पुन्हां रस्त्यावर सोडणें म्हणजे मरणाच्या हवालीं करणें होय. अशांसाठीं घर हाच खरा उपाय आहे. निवारा कितीही चांगला असला तरी तो धर्मशाळेसारखा. तेथें मुक्काम करावा, आयुष्य काढूं नये. शिवाय निवाऱ्यांतील एक पिलूं घरीं गेलें, कीं दुसऱ्या एका पिलास तेथें जागा होते.

आतां पालकांच्या मनांतील भीतीविषयीं. ती भीति खोटी नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें रेबीजनें जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें मरतात, आणि संशयित जनावरें ज्यांस चावतात त्यांत शेंकडा चाळीस पंधरा वर्षांखालील मुलें असतात. रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी वांचणें जवळजवळ अशक्य. परंतु चावल्यावर वेळींच लस घेतली तर हा रोग टाळतां येतो, हेंही तितकेंच खरें. फ्रान्स देशांत लुई पाश्चर यांनीं ता. ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलास प्रथम ही लस दिली व तो मुलगा वांचला.

म्हणून विद्यार्थ्यांनीं पुढील नियम पाठ करावा. कुत्रें किंवा मांजर चावलें, ओरबाडलें, अथवा जखमेवर चाटलें, तर ती जागा साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, तिखट किंवा चुना लावूं नये. आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. लसीच्या सर्व मात्रा सांगितलेल्या दिवशींच घ्याव्या; जखम खोल असल्यास डॉक्टर जखमेभोंवतीं निराळें औषध टोंचतात, तेंही घ्यावें. चावणारें लहान पिलूं होतें किंवा घरचेंच होतें म्हणून ही गोष्ट लपवूं नये. पालकांसही एक विनंति आहे. चावल्याचें सांगणाऱ्या मुलावर रागावूं नका. रागाच्या भयानें मुलें जखम झांकतात, आणि झांकलेली जखमच प्राणघातक ठरते.

ज्या घरांत मुलांना प्राणी हवा आहे, त्या घरानें प्रथम एकत्र बसून विचार करावा. घरांत वाढलेलें कुत्रें बारा-चौदा वर्षें जगतें; मांजर पंधरा वर्षेंही जगतें. आज पांचवींत असलेला मुलगा उद्यां शिक्षणासाठीं पुण्यास जाईल. त्याच्यामागें त्या कुत्र्यास कोण फिरवील? दिवाळींत सर्व कुटुंब गांवीं गेलें तर त्याची सोय काय? घर भाड्याचें असेल तर मालकाचें मत काय? घरांत कोणास दम्याचा किंवा केसांच्या स्पर्शाचा त्रास आहे काय? अन्न, लस व औषध यांचा खर्च दरमहा झेपेल काय? या प्रश्नांपैकीं एकाचेंही उत्तर अडलें, तर थांबावें. नाहीं म्हणणें हें निर्दयपणाचें नव्हे. घेऊन टाकणें हें निर्दयपणाचें आहे.

पुष्कळांस वाटतें कीं पाळावयाचें तर विकत घेतलेलें जातिवंत विलायती कुत्रेंच पाळावें. सोलापूरचा वैशाख ज्यानें अनुभवला आहे त्यानें याचा विचार करावा. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. धापा टाकूनच तें अंग थंड करतें. बर्फाळ प्रदेशांतील दाट केसांच्या कुत्र्यास अशा हवेंत ठेवणें हा त्याचा छळच होय. उलट आपलें देशी कुत्रें याच हवेंत पिढ्यान् पिढ्या वाढलेलें, आखूड केसांचें, चपळ व काटक असतें. बुद्धीनेंही तें कमी नसतें. सन १९५७ मध्यें रशियानें अंतराळांत पाठविलेली लायका ही मॉस्कोच्या रस्त्यांवरीलच कुत्री होती. तिचा त्यांत अंत झाला ही खेदाची गोष्ट खरी. पण बेवारशी म्हणून जिला कोणी विचारीत नव्हतें, तिच्या अंगचे गुण शास्त्रज्ञांनीं ओळखले होते.

निर्णय झाल्यावर पुढील काळजी घ्यावी. पिलूं निदान आठ आठवडे आईजवळ राहिलेलें असावें. घरीं आणल्यावर प्रथम पशुवैद्याकडे न्यावें; तो जंतांचें औषध देईल, व पार्व्हो, डिस्टेंपर इत्यादि रोगांच्या लशींचें वेळापत्रक लिहून देईल. रेबीजची लस साधारणतः तिसऱ्या महिन्यांत देतात, व पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें ती वेळोवेळीं टोंचून घ्यावी लागते. योग्य वयांत निर्बीजीकरण करावें, नाहींतर एका पिलावर दया करून आपण पुढें दहा निराश्रित पिलें जन्मास घालूं. महानगरपालिकेकडे कुत्र्याची नोंद करून परवाना घ्यावा.

आहाराविषयींही गैरसमज फार आहेत. आपली कडक भाकरी कुस्करून दिली तरी चालेल, पण तेवढ्यानें कुत्र्याचें पोषण होत नाहीं. त्यास अंडें किंवा मांस यांचीही जोड हवी. कांदा, लसूण, द्राक्षें, बेदाणे व चॉकलेट हीं कुत्र्यास विषासमान आहेत. म्हणून शेंगांच्या चटणीचा हात पुसलेली भाकरी त्यास टाकूं नये. मांजर तर जातीचेंच मांसाहारी; केवळ दूधभातावर तें निरोगी राहत नाहीं, आणि पुष्कळ मोठ्या मांजरांस दूध पचतही नाहीं.

नवें जनावर पहिले कांहीं दिवस भ्यालेलें असतें. त्यास कोपऱ्यांत शांत जागा द्यावी. सर्व मुलांनीं एकदम त्यावर झडप घालूं नये. जेवतांना व निजलेलें असतांना त्यास हात लावूं नये. संक्रांतीस सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेंत शोभेचें दारूकाम होतें, दिवाळींत फटाके उडतात. त्या रात्रीं घाबरून कुत्रें दोर तोडून पळतें व हरवतें. तेव्हां त्यास दार लावून घरांत ठेवावें, आणि जवळ कोणी तरी बसावें.

ज्यांस घरांत प्राणी ठेवणें शक्य नाहीं, त्यांनाही करण्यासारखें पुष्कळ आहे. उन्हाळ्यांत दाराशीं पाण्याचें भांडें ठेवावें व तें रोज धुवावें. अन्न घालावयाचें तर तें रहदारीच्या वाटेपासून व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर घालावें, आणि उष्टें आवरून जागा स्वच्छ करावी. गल्लींतील कुत्र्यांस लस व शस्त्रक्रिया झाली आहे कीं नाहीं याची महानगरपालिकेकडे विचारपूस करावी. कचरा उघड्यावर टाकूं नये. उकिरडा कमी झाला कीं मोकाट कुत्रींही कमी होतात.

शेवटीं कायद्याचें एक वचन. सन १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें जनावरास उपासमार होईल अशा स्थितींत विनाकारण टाकून देणें हा गुन्हा आहे. ता. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रस्त्यावरील कुत्र्यांसंबंधीं दिलेल्या आदेशांत, प्राणिप्रेमी नागरिकांस नगरसंस्थेकडे अर्ज करून कुत्रें दत्तक घेतां येईल असें म्हटलें. पण तें पुन्हां रस्त्यावर येणार नाहीं ही जबाबदारी घेणाऱ्याचीच राहील असेंही बजावलें. म्हणजे दत्तकाच्या मुळांतील तत्त्व येथेंही तेंच राहिलें.

रस्त्यावर जन्मलेल्या पिलास निदान रस्ता ठाऊक असतो. घराची ऊब मिळून नंतर टाकून दिलेल्या जनावरास तोही ठाऊक नसतो; तें अन्न शोधण्याचें विसरलेलें असतें आणि धन्याची वाट पाहत एकाच ठिकाणीं बसून राहतें. विद्यार्थी मित्रहो, पिलूं पाहून मन द्रवणें हें चांगल्या मनाचें लक्षण आहे, पण तो क्षण आहे. तें पिलूं म्हातारें होईल, त्याची दृष्टि मंद होईल, तें खेळेनासें होईल, तेव्हांही त्याची पाण्याची वाटी वेळेवर भरणारा हात ज्या घरांत असेल, त्याच घरानें 'आम्ही दत्तक घेतलें' असें म्हणावें.