तोंडाचा कॅन्सर पट्टा पडण्याची वाट पाहत नाही

"पट्टा पडला की बघू." नांदूरघाट आणि केज तालुक्यातल्या वस्त्यांवर काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते कानावर पडताच मनात हिशेब सुरू होतो, आज कोणता महिना आणि कारखाने बंद व्हायला किती दिवस उरले. मुलीचे लग्न, घरावरचे पत्रे, दुखणारी दाढ, गालातला फोड, सगळे साखरेचा हंगाम संपेपर्यंत थांबवले जाते. यातला फोड मात्र थांबत नाही.

आमच्या भागातले एक काका, वय पन्नाशीच्या आसपास, आयुष्य ऊसतोडीत गेलेले. दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा डाव्या गालात आतून लहानसा फोड होता. मेडिकलवरून मलम आणले. कोपीवर गेल्यावर तिखट सोसेना, मग भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. मुकादमाची उचल फिटलेली नव्हती. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एक पडला की दुसऱ्याचेही काम मोडते. पाडव्याला गावी परतले तेव्हा तोंडात दोन बोटे जात नव्हती, गळ्याला गाठ लागत होती. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला आणि तोही पुढे गेलेला. ऑपरेशन झाले. त्यानंतर तीस शेक घ्यायचे होते. एकोणीस घेऊन ते घरी आले आणि परत गेले नाहीत. शहरात राहायचे पैसे संपले होते, आणि त्याच दिवसांत मुकादम पुढच्या हंगामाची उचल वाटत फिरत होता. वर्षभरात काका गेले.

मी डॉक्टर नाही, समाजशास्त्र शिकलेली कार्यकर्ती आहे. पण रुग्णांबरोबर दवाखान्यात बसून बसून या आजारावरचे संशोधन वाचायची सवय लागली. त्यातले बरेचसे आपल्याच राज्यात, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले आहे, आणि ते आपल्या वस्तीत कोणी सांगत नाही.

तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा आधी गळ्यातल्या गाठींकडे सरकतो. गाठ हाताला लागत नसेल तर ऑपरेशनच्या वेळीच गळाही साफ करावा की गाठ दिसेपर्यंत थांबावे, यावर जगभरचे सर्जन वर्षानुवर्षे वाद घालत होते. टाटाच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूने २००४ ते २०१४ या काळात रुग्णांचे दोन गट करून हे तपासले. तीन वर्षांनंतर, गळा लगेच साफ केलेल्यांपैकी ८० टक्के जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे अशा दर आठ ऑपरेशनांमागे एक जीव वाचतो. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षात घ्या, हे सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण होते आणि औषध कोणतेही नवे नव्हते.

आता दुसरे टोक. आजार परत आलेला किंवा फार पसरलेला असेल तर प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे आहेत, पण त्यांची पूर्ण मात्रा आपल्याकडे जवळजवळ कोणालाच परवडत नाही. टाटाच्या डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या फक्त ६ टक्के, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिले. १५१ रुग्णांच्या या अभ्यासात वर्षाअखेर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि गरिबाचा खिसा बघून केलेले असे संशोधन मला महत्त्वाचे वाटते. तरीही मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर आले, एवढेच. साडेतीन महिने. काकांचा फोड जितके महिने कोपीवर अंगावर काढला गेला, त्याहून कमी.

खर्चाचेही तसेच. टाटामध्येच झालेल्या एका हिशेबात, लवकर आलेल्या रुग्णाच्या उपचाराला सुमारे १ लाख १७ हजार रुपये लागले, उशिरा आलेल्याला सुमारे २ लाख ३ हजार. यात घरच्यांचा बुडालेला रोज धरलेला नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि ऑपरेशन, किमो, शेक त्यात बसतात. योजना नसती तर माझे निम्मे रुग्ण दारातूनच परतले असते. पण शेक आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतात. तेवढे दिवस रुग्ण आणि सोबतचा माणूस राहणार कुठे, खाणार काय? मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कितीतरी कुटुंबांना आसरा दिला. जागा न मिळालेले परळच्या फूटपाथवर दिसतात. शेक मध्येच तुटले तर नुकसान मोजता येते. उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते असे मानले जाते. काकांचे अकरा शेक राहिले.

जे वाचतात त्यांचेही ओझे कमी नसते. तोंड पुरते उघडत नाही, लाळ आटते, कोरडी भाकरी गिळत नाही, बोललेले समोरच्याला कळत नाही. जबडा काढलेला माणूस पंगतीत बसायचे टाळतो. नाकातल्या नळीतून पातळ अन्न देण्याचे काम बायकोकडे, नाहीतर शाळा सुटलेल्या मुलीकडे येते. बाईलाच आजार झाला तर सोबतीला कोण जाणार, यावरच घरात आठ दिवस जातात.

मग करायचे काय? उत्तर आपल्या शेजारीच आहे. केजहून कळंब, येरमाळा ओलांडले की बार्शी. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसे गावोगाव फिरत, नुसती नावे न लिहिता लक्षणेही समजावून सांगत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया त्यानंतर लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या, हे १९९५ मध्ये त्यांनी आकड्यांनी दाखवले. तोंडाच्या बाबतीत केरळने दाखवले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बॅटरीच्या उजेडात तोंडे पाहिली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. सवय नसलेल्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणून आधी कोणाचे तोंड पाहायचे हेही ठरलेले आहे.

आपल्याकडे ती यादी मोठी आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मावा टपरीवर मळून मिळतो. बायकांची मिश्री तर कोणी व्यसनात धरतच नाही. नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये स्पष्ट केले आहे. पंचशीलातले पाचवे शील आपण दारूपुरते मोजतो आणि तंबाखूची पुडी विहाराच्या पायरीवर सोडतो, हेही बोलले पाहिजे.

माझे म्हणणे तारखेबद्दल आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला माणसे जमतात. टोळ्या गावात असतात त्या याच महिन्यांत, दसरा-दिवाळी झाली की वस्ती रिकामी होते. ऑपरेशन, जखम भरणे आणि शेक मिळून तीन-चार महिने लागतात. आषाढात निदान झाले तर उपचाराचा मोठा भाग टोळी निघण्याआधी पार पडू शकतो.

तीस वर्षांवरील प्रत्येकाचे तोंड तपासणे हे सरकारी कार्यक्रमातच आहे. आशाताई फॉर्म भरतात, आयुष्मान आरोग्य मंदिरात तपासणी व्हायला हवी. विहार समितीने वर्षावासाच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांना आणि जवळच्या दंतवैद्याला बोलवावे. सतरंजी, बॅटरी आणि नावांची वही एवढेच लागते. पाहायचे काय: तीन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, हलणारा दात, गळ्याची गाठ, आपलीच तीन बोटे उभी न मावणारे तोंड. फोड दुखत नाही म्हणून साधा असे समजू नये, सुरुवातीला तो दुखतच नाही. संशय आला तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जावे आणि तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटावे. एसटी आणि रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला प्रवास सवलत आहे, त्याचा दाखला पहिल्याच फेरीत मागून घ्यावा. नंतर गर्दीत तो राहून जातो.