साठावर एकही पत्ता नको

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने आणला. नेहमीच्या नियमांनुसार डेकमध्ये, म्हणजे खेळाडूने स्वतः निवडलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यात, किमान ६० पत्ते लागतात. आवडीचे पत्ते वगळवत नाहीत, म्हणून नवखे खेळाडू ८० भरतात आणि तिथेच फसतात. एखाद्या पत्त्याच्या चार प्रती ६० पत्त्यांत असतील, तर सुरुवातीला हातात येणाऱ्या सात पानांत त्यांतली एक तरी येण्याची शक्यता ४० टक्के असते. ८० पत्त्यांत ती ३१ टक्क्यांवर घसरते. ‘लँड’चे पत्ते, म्हणजे खेळाचं इंधन, साठांत साधारण २४ ठेवा; पहिल्या सात पानांत सरासरी २.८ येतात. इंधनच नसेल, तर भलामोठा ड्रॅगनही हातात नुसता पडून राहतो! तेव्हा डेक लावताना मोह आवरा, एकसष्टावा पत्ता आधी बाजूला काढा.