भानपुऱ्याची छत्री

मुंबई-दिल्ली लोहमार्गावरील भवानीमंडी स्थानकावर उतरून बसने भानपुऱ्याकडे जाणाऱ्यांपैकी बहुतेकांस चंबळेवरील गांधीसागर धरण पाहावयाचे असते. मंदसोर जिल्ह्यातील या कसब्यात यशवंतराव होळकरांनी देह ठेवला, हे त्यांच्या गावीही नसते.

यशवंतरावांचे चरित्र मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. 1797 साली थोरले बंधू मल्हारराव पुण्यात शिंद्यांच्या फौजेकडून मारले गेले, 1801 साली दुसऱ्या भावास, विठोजीस, हत्तीच्या पायी देण्यात आले, आणि पुढल्या वर्षी ऐन दिवाळीत हडपसरास यशवंतरावांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेची दाणादाण उडविली, तेव्हा बाजीरावाने पळ काढून वसईस इंग्रजांशी तह केला. मात्र पुण्याची लूट आपण जितकी ध्यानात ठेविली, तितका 1804 चा पावसाळा ठेविला नाही, ही मला आपली कृतघ्नता वाटते. मुकुंदऱ्याच्या खिंडीतून माघार घेणाऱ्या कर्नल मॉन्सनच्या पलटणींस होळकरी घोडदळाने आग्र्यापर्यंत पिटाळले आणि इंग्रजांच्या तोफा चिखलात रुतून राहिल्या, ही हकीकत शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपते. पुढे डीग, फर्रुखाबाद, भरतपूर असा संग्राम होऊन डिसेंबर 1805 मध्ये राजघाटचा तह झाला.

तहानंतर दुसरा एखादा सरदार मुलूख सांभाळीत बसला असता. या पुरुषाने भानपुऱ्यास तोफांचा कारखाना काढिला! जुन्या पागा मोडून फौजेची नवी घडी बसविण्याचा उद्योग चालला असता, भट्टीपाशी महाराज स्वतः उभे राहत. गावातील एका वृद्ध ठठेऱ्याच्या दुकानी मी बसलो, तेव्हा त्याने ही गोष्ट आपल्या आज्याने डोळ्यांनी पाहिली असावी अशा थाटात सांगितली. तो आता घंटा ओततो आणि गळकी भांडी सांधतो; पण ओतकामाचे मर्म त्याने असे उलगडले की, माझा चहा निवून गेला. मातीचा साचा बाहेरून कोरडा दिसला तरी पोटात ओल उरते, आणि त्या ओलीवर तांबे-कथलाचा रस पडला की वाफ होऊन साचा फुटतो, मग समोर उभा असलेला मनुष्य हाती लागत नाही. तोफ तोंड वर करून ओतावी, वर हातभर धातू जादा ठेवावा, म्हणजे मळ आणि बुडबुडे त्यात चढतात, आणि तो भाग मागाहून कापून टाकावा. ‘महाराज एका डोळ्याने रसाचा रंग ओळखत,’ असे म्हणून म्हाताऱ्याने स्वतःचा डावा डोळा मिटून दाखविला. बंदुकीच्या स्फोटात महाराजांचा डोळा गेला होता, हे खरे. रंगाची गोष्ट म्हाताऱ्याची.

मद्यपान आणि अहोरात्र श्रम यांनी 1808 च्या सुमारास त्यांची बुद्धी भ्रमली, आणि 28 ऑक्टोबर 1811 रोजी, पस्तिशी पुरी होण्याआधीच, ते येथे निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या छत्रीची बांधणी दगडी आणि भक्कम असून, तिच्या आश्रयाने हिंगलाजगडावरील परमारकालीन मूर्ती ठेविल्या आहेत. त्या इतक्या सुंदर आहेत की, पाहुणा उमा-महेश्वरापाशीच रेंगाळतो आणि ज्याची छत्री त्याच्याकडे पाठ फिरवून निघतो. तेथील चौकीदार मला म्हणाला, ‘लोग मूर्ति पूछते हैं, महाराज को कोई नहीं पूछता.’ तोफांचा कारखाना कोठे होता हे दाखविणारी एखादी पाटी मी गावभर शोधली. विचारल्यावर तिघांनी तीन दिशा दाखविल्या, आणि ठठेऱ्याने त्या तिघांसही खोटे पाडले.